पुलावरचा हिरवा दिवा

सासरे रोज संध्याकाळी पादचारी पुलावर जात, समोरच्या खांबावरच्या डब्याचा हिरवा दिवा बघत आणि घरी येऊन चपला काढता काढता सुनेला सांगत, "चालू आहे गं." तेवढं सांगून झालं की मगच त्यांना भूक लागे.

तो डबा त्यांच्या मुलाने बसवला होता. शहरातून जाणाऱ्या द्रुतगती मार्गावर असे डबे लावायचे, गाड्यांमध्ये छोटी यंत्रं बसवायची. पुढची गाडी अचानक थांबली की मागच्यांना आपोआप इशारा. मुलगा या कामाने नुसता झपाटलेला. स्वतःच्या गाडीत सगळ्यांत आधी त्यानेच यंत्र लावलं. आणि त्याच रस्त्यावर, धुक्यात, बंद पडलेल्या एका टँकरवर तो आदळला आणि जागीच गेला. टँकरमध्ये यंत्र नव्हतं. एका हाताने टाळी वाजत नाही, हे तोच उठताबसता सांगायचा.

नशिबाला थट्टा करायला दुसरं घर सापडलं नसावं. सून रस्ते खात्याच्या कचेरीत खर्चाचे हिशेब तपासायची; चाचणी म्हणून सुरू केलेली ही योजना परवडते की नाही, हे बघायचं काम तिच्याच टेबलावर आलं. एका बाजूला डबे, वीज, दुरुस्ती. दुसऱ्या बाजूला वाचलेला वेळ, वाचलेले जीव. यंत्र असूनही गेलेले जीव त्यातून वजा. तिने पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. योजना अगदी काठाला येऊन बुडत होती, आणि बुडवत होता एकच अपघात, तिच्या नवऱ्याचा.

"तो वगळा ना," साहेब हळूच म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "टँकरमध्ये यंत्रच नव्हतं. चाचणीत बसत नाही असं लिहून टाका. योजना तरेल. कोण विचारतंय?"

तिला मोह झाला. का होऊ नये? नवऱ्याचं काम उभं राहत होतं, म्हाताऱ्याचा दिवा राहत होता. पण रस्त्यावरच्या निम्म्या गाड्यांत यंत्र नसणार, हाच तर सगळा प्रश्न होता. तो दडवला, तर डब्याच्या भरवशावर उद्या आणखी कुणाचा तरी नवरा भरधाव जाणार. शिवाय ज्याच्या जाण्याने घर ओस पडलं, तो गेलाच नाही असं आपल्याच हाताने कसं लिहायचं? तिने त्याला हिशेबात ठेवलं. योजना न परवडणारी ठरली. मग कचेरीच्या जिन्यात बसून ती ओक्साबोक्शी रडली.

सासऱ्यांना सांगायला मात्र तिची जीभ रेटेना. आज सांगू, उद्या सांगू, असे दिवस ढकलले. शेवटी एका सकाळी कचेरीत निरोप आला, पुलाजवळचा डबा उतरवला. आज सांगायचंच, असं ठरवून ती संध्याकाळी घरी आली.

सासरे नेहमीपेक्षा उशिरा परतले. दारात बराच वेळ चपलाच काढत राहिले.

"बाबा, मला तुम्हाला..."

"चालू आहे गं," ते खाली बघूनच म्हणाले. "चांगला लख्ख दिसतो. तू काळजी नको करूस."

तिने पुढचं गिळून टाकलं. "बरं झालं," म्हणाली आणि ताटं वाढली. दोन्ही ताटं मात्र तशीच राहिली.