दारामागे वाळलेला

मी एक जुना सुती कपडा आहे. मित्रांनो, एवढे ऐकून तुमच्यातली मुले विचारतील, कसला कपडा? आणि मुली खाली मान घालतील. बायका पाळीच्या दिवसांत वापरतात, तोच मी कपडा. आता मुलींनी मान वर करावी. माझी हकीकत खाली मान घालून ऐकण्याजोगी नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझा स्वभाव हेवेखोर आहे. सगळा जन्म मी कोणाचा ना कोणाचा हेवा करीत काढला. ऐकून घ्या, मग तुम्हीच ठरवा मी चुकलो की नाही.

माझा जन्म नागपूरच्या पाचपावलीत एका कोष्ट्याच्या हातमागावर झाला. तेव्हा मी कपडा नव्हतो, जांभळ्या रंगाचे, पिवळ्या काठाचे चांगले नऊवारी लुगडे होतो. गिरणीत काम करणाऱ्या रुपरावांनी आपल्या बायकोसाठी, बायजाबाईंसाठी मला विकत घेतले. बायजाबाई घरी बसून विड्या वळायच्या. सणाला, लग्नाला, दीक्षाभूमीच्या मेळ्याला त्या मला नेसून जात. "बाईच्या अंगाले काय रंग शोभून राहिला!" असे बाया म्हणत, आणि मी फुगून जात असे. पुढे मी रोजच्या वापरात आलो, धुऊन धुऊन मऊ झालो, आणि एके दिवशी बसायच्या जागी विरून फाटलो.

त्याच सुमारास घरात दोन गोष्टी घडल्या. बायजाबाईंना मुलगा झाला आणि त्यांच्या मोठ्या मुलीला, सुभद्राला, पाळी आली. बायजाबाईंनी मला उभे फाडले. पदराकडचा भाग दुहेरी शिवून बाळासाठी दुपटे केले. उरलेल्या भागाचे चौकोनी तुकडे केले आणि सुभद्राच्या हाती दिले. त्या तुकड्यांतला मी एक. माझ्या एका कडेला थोडासा पिवळा काठ राहिला होता.

"घडी अशी घालायची," बायजाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "धुतल्यावर न्हाणीच्या दारामागं टाकायचा, वरून पोतं झाकायचं. तुह्या बाबाच्या नजरेले पडला नाही पाहिजे."

"काहून वं आई?" सुभद्राने विचारले.

"काहून म्हणजे? असंच असते."

हे घर बौद्धांचे. दीक्षा घेतल्यापासून बाहेर बसणे, शिवायचे नाही, चुलीजवळ जायचे नाही, हे सगळे त्यांनी मोडून टाकले होते. सुभद्रा त्या दिवसांतही भाकरी थापायची. विटाळ गेला होता, पण लाज मात्र घरातच राहिली होती, आणि तिचा सगळा भार माझ्यावर आला.

आता माझ्या पहिल्या हेव्याविषयी सांगतो. अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक तार बांधलेली होती. रोज सकाळी दुपटे त्या तारेवर जाई. नागपूरचे ऊन ते! घटकाभरात दुपटे पार कोरडे होई. येणारी-जाणारी बाई त्याला हात लावून म्हणे, "किती मऊ शिवलं वं!" बाळाने त्याला ओले केले तरी सगळ्यांना हसू येई. आम्ही दोघे एकाच सुताचे, एकाच रंगाचे. तेही भिजे, मीही भिजत असे. त्याला ऊन मिळे आणि मला पोते. मी दारामागच्या अंधारात ओलसर पडून राही आणि दाराच्या फटीतून त्याला वाऱ्यावर डुलताना पाही. माझा नुसता जळफळाट होई.

तरी सुभद्राचा माझ्यावर विश्वास होता. ती शाळेत खो-खो खेळायची. पळतीला लागली की कोणाच्या हाती सापडत नसे. अंगात पांढरा गणवेश असला की मात्र तिचे अर्धे लक्ष मागे असायचे. "डाग पडला का?" असे ती तिच्या मैत्रिणीला, प्रेमलताला, डोळ्यांनीच विचारी. मी जिवाच्या कराराने सगळे टिपून घ्यायचो. मला वाटायचे, हे काम माझ्यावाचून कोणाला जमायचे नाही.

अशात शेजारच्या कुसुमताई एक पुडा घेऊन आल्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. कामठीला शाळांचे सामने होते आणि नेमके तेच दिवस सुभद्राचे होते. बायजाबाई म्हणत होत्या, "नको जाऊ, पोट्टे हसतील." कुसुमताईंनी पुडा उघडून पांढरीशुभ्र, कापसाची पट्टी काढली. "ही लाव. वापरायची आन टाकून द्यायची. धुण्याची भानगड नाही."

मित्रांनो, त्या पट्टीचा रंग पाहून माझा काठ चुरमडला. तिच्या अंगावर कसलाच डाग नव्हता, तिला कोणी पिळले नव्हते, आपटले नव्हते. सुभद्रा तिच्यावरून अशी बोटे फिरवीत होती की मला ते पाहवेना. ती तिला घेऊन कामठीच्या बसने गेली आणि मी पोत्याखाली पडून राहिलो. हिला धरणारा कमरेचा पट्टा सुटो, ही सरको, आणि सुभद्राला माझी आठवण येवो, असे मी दिवसभर म्हणत होतो.

तसे काही झाले नाही. संध्याकाळी सुभद्रा उड्या मारीत आली. "आई, मी शेवटपर्यंत बाद झाली नाही! एकदाबी मागं पाहिलं नाही. आता दिवाळीच्या आधी निवड हाय, मोठ्या संघाची!"

रुपराव ओसरीवर चहा पीत होते. ते हसून म्हणाले, "पोरगी माही हरिण हाय." बायजाबाईही हसल्या. त्या आनंदात माझा वाटा नव्हता. वापरलेली पट्टी मात्र अंधार पडल्यावर कागदात गुंडाळून, पदराखाली लपवून बायजाबाई नाल्याकडे घेऊन गेल्या. ते मी पाहिले. तिलाही लपवावे लागते हे कळले, पण हेव्यापुढे तेव्हा मला काही सुचले नाही.

पुडा संपला. तसला पुडा दर महिन्याला आणणे त्या घराला परवडणारे नव्हते. सुभद्राने नाइलाजाने मला हाती घेतले. आणि तेवढ्यात पावसाळा लागला.

त्या वर्षी दिवाळी जवळ आली तरी पाऊस उघडलाच नाही. दुपटे चुलीवरच्या वलणीवर, ओल्या लाकडांच्या धुरात का होईना, वाळत होते. मी दारामागे कुबट होत गेलो. माझ्यावर बारीक काळे ठिपके आले. अर्धवट ओला असतानाच सुभद्रा मला घेई, तसाच शाळेत नेई. तिच्या मांड्या काचल्या, आग होऊ लागली, खाज सुटली. ती पाय फाकून चालू लागली. आईने विचारले तर म्हणायची, "पाय मुरगळला."

निवडीच्या आठवड्यात तिला ताप भरला. बायजाबाई उष्णता झाली म्हणून धण्याचे पाणी देत राहिल्या. शेवटी पोरगी ओटीपोट धरून कण्हायला लागली, तेव्हा त्यांनी कुसुमताईंना हाक मारली.

कुसुमताईंनी दार लोटून सुभद्राला तपासले. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "बाई, पोरीचा कपडा कुठं वाळवता?"

बायजाबाईंनी नुसते दाराकडे पाहिले. कुसुमताईंनी पोते उचलले. माझा वास त्यांच्या नाकाला लागला असणार, पण त्यांनी नाक मुरडले नाही. मला उचलून उजेडात धरले.

"हे पाहा. हे काळं दिसते ना? यानं पोरीले जखम झाली, जंतू आत गेले."

"मंग पुडा आणा म्हणता का?" बायजाबाई एकदम चिडल्या. "आमी कुठून आणू दर महिन्याले?"

"पुडा भेटला तं चांगलंच हाय. नाही भेटला तरी काही बिघडत नाही. हा कपडा सुती हाय, मऊ हाय, चांगला हाय. याले गरम पाणी, साबण आन कडक ऊन पाहिजे. बस."

त्यांनी मला चांगले म्हटले! पण मला आनंद वाटेना, कारण आत सुभद्रा कण्हत होती.

"उन्हात? अंगणात?" बायजाबाई म्हणाल्या. "बाया काय म्हणतील? आन हिचे बाबा?"

"बाळाचं दुपटं उन्हात टाकताना विचारलं होतं का कोणाले?"

बायजाबाई खाली बसल्या आणि पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "ताई, मलेबी असंच होत होतं. आग आग व्हायची. माही आई म्हणे, बाईच्या जातीले भोगाच लागते. मले वाटलं, हिलेबी लागन."

"तिले नका भोगू देऊ," कुसुमताई म्हणाल्या. त्यांनी गोळ्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी सुभद्राला डॉक्टरीणबाईंकडे नेले.

सुभद्रा बरी झाली, पण निवड हुकली. तिच्या जागी प्रेमलता गेली. संघाचा निळा सदरा घालून ती भेटायला आली, तेव्हा सुभद्रा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. प्रेमलता गेल्यावर ती म्हणाली, "आई, मी तिच्याहून जोरात पळतो ना वं?" आणि रडली. हेवा कसा आतून चावतो ते मला ठाऊक होते. त्या दिवशी ती आणि मी एकाच जातीचे झालो.

पाऊस उघडल्यावर पहिल्या कडक उन्हात बायजाबाईंनी मला मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळत्या पाण्यात टाकले, साबण लावला, खळखळून धुतले. मग मला घेऊन त्या अंगणात आल्या आणि तारेच्या मधोमध, दुपट्याशेजारी, टाकले. वर पोते नाही, लुगडे नाही. माझ्या उभ्या जन्मात कपडा म्हणून मी पहिल्यांदा ऊन पाहिले.

शेजारच्या जिजाबाई भिंतीवरून डोकावल्या. "अवं बायजा, हे काय टांगलं वं भरदिवसा?"

"पोरीचा कपडा हाय," बायजाबाई म्हणाल्या. आवाज बारीक निघाला म्हणून त्यांनी पुन्हा मोठ्याने सांगितले, "पाळीचा कपडा हाय. धुतलेला हाय. तुह्या घरी नसते का?"

जिजाबाईंचे डोके भिंतीआड गेले.

दुपारी रुपराव गिरणीतून आले, आंघोळ केली आणि ओला टॉवेल घेऊन तारेजवळ आले. बायजाबाई दारातून पाहत उभ्या होत्या. रुपरावांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना कळले, मी कोण ते. त्यांनी मला सरकवले नाही. तारेच्या पार टोकाला, लिंबाच्या सावलीत, त्यांनी आपला टॉवेल टाकला आणि जेवायला गेले. बायजाबाईंनी त्या दिवशी त्यांना पहिली भाकरी वाढताना मुद्दाम जास्त तूप लावले.

यानंतर सुभद्राला तसला त्रास पुन्हा झाला नाही. मोठ्या संघात ती कधीच गेली नाही, ते तिच्या मनाला लागून राहिले. पण तिने खेळ सोडला नाही. शिकून ती हुडकेश्वरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. लग्न झाले, हाती पगार आला, आता ती स्वतः पुडे वापरते. मला हेवा वाटतो का? वाटतो. खोटे कशाला बोलू? पण कामठीहून उड्या मारीत आलेली ती मला आठवते आणि वाटते, वापरू दे.

मला तिने टाकले नाही. शाळेतल्या तिच्या कपाटात मी एका पेटीत असतो. वरच्या वर्गाच्या मुलींना ती मला उघडून दाखवते. मी झिरझिरीत झालो आहे, आरपार बोट दिसते. ती सांगते, "पुडा वापरा की कपडा वापरा, जिला जे जमेल ते. फक्त स्वच्छ ठेवा, वेळेवर बदला. आणि कपडा असेल तर त्याला ऊन द्या." काही मुली हसतात, काही लिहून घेतात.

मित्रांनो, मुलांनो, तुम्हालाही माझे एक मागणे आहे. तुमच्या घरात आई असेल, बहीण असेल. माझा एखादा भाऊबंद उन्हात दिसला तर तोंड फिरवू नका, हसू नका. त्याला ऊन लागू द्या. तुमच्या बहिणीचे अंग त्याच्यामुळे सुखात राहणार आहे.

परवाचीच गोष्ट. मैदानावर सुभद्रासमोर मुली रांगेत उभ्या होत्या, पलीकडे मुले कबड्डीच्या रेषा आखत होती. कपाट आणि पेटी उघडी होती आणि खिडकीसमोरच मैदान होते, म्हणून मला सगळे दिसले आणि ऐकू आले. मीरा नावाची सातवीतली मुलगी रांगेतून पुढे आली आणि कोणाच्या कानाशी न लागता, साध्या आवाजात म्हणाली, "बाई, माझी पाळी चालू हाय. मी कपडा लावला हाय. पळू का?"

"पोट दुखतं का?"

"नाही."

"मग पळ."

ती पळाली. आणि मी पेटीत पडल्या पडल्या तिच्या कपड्याचा हेवा केला. भर मैदानात, सगळ्यांसमोर, तिने त्याचे नाव घेतले होते.