पिसता न येणारे पत्ते

लोणंदच्या स्टँडसमोर सूरजचं झेरॉक्सचं दुकान आहे. क्रांती गेली त्या वर्षात मानसिंग शेळके त्या दुकानात इतक्यांदा गेला, की त्याला बघितलं की सूरज काही विचारायचा नाही, नुसता हात पुढं करायचा. झालं होतं असं, की क्रांतीच्या मृत्यूचा दाखला मानसिंगनं घडी घालून खिशात ठेवला आणि तो घामानं घडीवर फाटला. कचेरीच्या खिडकीतल्या बाईनं तो बोटात धरून बघितला आणि दुसरा आणायला सांगितलं. बायको मेल्याचा कागद दुसऱ्यांदा मागायला जावं लागणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं. त्या दिवसापासून मानसिंगनं नेम केला. घरात जे काही महत्त्वाचं असेल, त्याचं लॅमिनेशन करायचं. फौजेतनं सुटल्याचे कागद झाले, रेशनकार्ड झालं, क्रांतीचं आधार कार्ड झालं, आणि नंदूच्या पहिलीपासूनच्या सगळ्या प्रगतिपत्रकांचंही झालं.

नंदू म्हणजे त्याची मुलगी राजनंदिनी. नववीत होती. शाळेतल्या अपेक्षा मॅडमनी वर्गाला प्रकल्प दिला होता. आपल्या आवडीची एक गोष्ट घ्यायची, ती नुसती लिहून आणायची नाही, स्वतः करायची, आणि तयारीच्या माणसांत उतरून काय होतं ते बघून यायचं. कुणी कुस्ती घेतली, कुणी हलगी घेतली. नंदूनं पत्ते घेतले.

त्यावरून चावडीपाशी तात्याबानं मानसिंगला गाठलंच.

"काय रं मानसिंग, पोरगी शाळंत तीन पानी शिकती म्हणं?"

"तसलं न्हाई तात्याबा. चित्रांचे पत्ते असत्यात."

"चित्र तर राजा-राणीचं बी असतंय."

तात्याबाला समजावण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मानसिंगलाच पुरतं समजलेलं नव्हतं. त्या खेळाचं नाव सप्तद्वीप. पत्ते पाकिटातून मिळायचे. कुठल्यावर घोरपड, कुठल्यावर भालेवाला, कुठल्यावर वादळ, आणि प्रत्येकाची ताकद वेगळी. आपापला कॅट आपणच निवडून लावायचा. नंदू सांगायची, की अर्धा खेळ टेबलावर बसायच्या आधीच होऊन जातो. कुठले पत्ते घ्यायचे, आणि आवडत असून कुठले घरी ठेवायचे, यातच सगळी मेख असते.

हा खेळ मायलेकींनी मानसिंगच्या माघारी शिकला होता. तो आसामात असताना क्रांती सुट्टीला माहेरी माधवनगरला गेली, तिथं तिच्या भावानं, विश्वजीतनं, नंदूला पाकिटं घेऊन दिली. पोरीशी खेळायला कुणी नव्हतं म्हणून क्रांती बसली, आणि मग बसतच गेली. फोन केला की मागून ऐकू यायचं, "आई, तुझी चाल." मानसिंग चिडवायचा, "आमी हितं पहाऱ्यावर, आन तुमी तिथं पत्ते कुटताय." क्रांती हसायची. पुढं तो सुटून कायमचा घरी आला. उसाला पाणी धरायला लागला, कंपनीच्या गेटवर नोकरी धरली. आता रोज सोबत राहू असं म्हणता म्हणता क्रांतीचं दुखणं निघालं आणि साताऱ्याच्या दवाखान्यात ती गेली.

दोघींच्या पत्त्यांतून निवडून क्रांतीनं एक कॅट लावला होता. ती त्यानं खेळायची, आणि नंदू उरलेल्या पत्त्यांनी. ती गेल्यावर तो कॅट नंदूकडं आला. आता रविवारी सांगलीत सप्तद्वीपची स्पर्धा होती, आणि प्रकल्पासाठी नंदू तोच कॅट घेऊन उतरणार होती.

गुरुवारी ती शाळेत गेल्यावर मानसिंगला ते पत्ते टेबलावर दिसले. पातळ पिशव्यांत घातलेले, पण कोपरे झिजलेले. एकाच्या पाठीवर चहाचा डाग. एवढ्या माणसांत पोरगी असले पत्ते काढणार, असं त्याच्या मनात आलं. त्यानं ते सगळे रुमालात बांधले आणि सूरजकडं नेले.

"काका, सगळे?"

"सगळे. जाड प्लास्टिक घाल."

"आवं, पोरीला इचारलंय का?"

"त्यात इचारायचं काय? खराब व्हायचे थांबत्याल."

सूरजनं काम झकास केलं. पत्ता न् पत्ता पिशवीतनं काढून प्लास्टिकमध्ये घातला, कडा सरळ कापल्या, कोपरे गोल केले. मानसिंग घरी आला आणि पत्ते टेबलावर नीट रचून नंदूची वाट बघत बसला. कितीतरी दिवसांनी त्याला पोरीसाठी काहीतरी केल्यासारखं वाटत होतं.

नंदू आली. दप्तर खांद्यावरच राहिलं.

"पप्पा, हे काय?"

"आता पाण्यात पडले तरी काय हुईत न्हाई."

तिनं कॅट उचलला. तो हातात मावेना, विटेसारखा झाला होता. तिनं पिसायला घेतला तर पत्ते एकमेकांवरून घसरले आणि फरशीवर खडखडत पडले.

"असले चालत न्हाईत तिथं," ती म्हणाली.

"का? उलट चांगलं झालं की."

"हाताला कळतंय कुठला पत्ता कुठं हाय. आन पंच पिशवीतनं पत्ता काढून बघत्यात, खरा हाय का ते. ह्यातनं कसा काढणार?"

"एवढंच व्हय? थांब." मानसिंगनं दाढीचं पातं आणलं आणि एका पत्त्याची कड सोडवली. प्लास्टिक उचललं, तसं त्याच्यासोबत चित्रही निघालं. खाली पांढरा पुठ्ठा तेवढा राहिला.

नंदूनं तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"राहू द्या. हात नका लावू आता."

"दुसरे आणू आपण. मामाला सांगतो."

"आईनं लावलेला होता तो," ती म्हणाली, आणि खाली बसून पडलेले पत्ते गोळा करायला लागली. मानसिंग वाकला, तर तिनं हातानंच नको म्हणून सांगितलं.

 संध्याकाळी तिनं आपलं दप्तर ओसरीवरून उचलून आतल्या कपाटात ठेवलं आणि कपाट लावून घेतलं. सकाळी डबा तो भरायचा, तो तिनं स्वतः भरला. जाताना म्हणाली, "मी मॅडमना विषय बदलून मागती. कांद्याचा बाजार घेती. तिथं कुठं जाया नको का यायला नको."

ती गेल्यावर मानसिंगनं माधवनगरला फोन लावला. विश्वजीतनं सगळं ऐकून घेतलं.

"दाजी, पत्ते हायती का आधार कार्ड?"

"हास बाबा. हासायसारखंच केलंय मी."

"तसं न्हवं वो. पण क्रांताक्का असती तर तिनं तुमालाच मशिनीत घातलं असतं."

"घातलं असतं," मानसिंग म्हणाला. "विश्वजीत, ती खेळली पायजे रं. न्हाई खेळली तर माझ्यामुळं न्हाई खेळली, असं हुईल. जलमभर तसंच राहील ते."

"घेऊन या तिला. आमच्या प्रांजलचे डबाभर पत्ते पडल्यात. कॉलेजात गेल्यापासनं ती हात लावत न्हाई. मी बोलतो नंदूशी."

मामा काय बोलला ते मानसिंगला कळलं नाही. पण शनिवारी नंदूनं आपले उरलेले पत्ते पिशवीत भरले आणि गाडीत खिडकीपाशी बसली. सांगली येईपर्यंत ती बाहेर बघत होती. तिनं आणलेली पिशवी मांडीवर होती. कराडला मानसिंगनं ती वर ठेवायला हात पुढं केला, तर तिनं ती घट्ट धरली.

माधवनगरला प्रांजलनं डबा आणून चटईवर पालथा केला. "घे काय पायजे ते, कायमचं घे," म्हणाली आणि क्लासला निघून गेली. नंदू दुपारभर निवडत बसली. एक पत्ता घ्यायची, ठेवायची, परत घ्यायची. शेवटी एक कॅट जमला, पण खेळून बघितल्याशिवाय तो कसा आहे हे कळणार नव्हतं. समोर बसायला कुणी नव्हतं. मामा जेवून लवंडला होता.

"मी बसू का?" मानसिंगनं विचारलं.

"तुमाला येत न्हाई."

"शिकीव. फौजेत बंदुका उघडून जोडायला शिकलो, हे काय अवघड हाय."

"आन कुठल्या पत्त्यांनी बसणार?"

मानसिंगनं आपल्या बॅगेतून रुमाल काढला आणि सोडला. लॅमिनेशन केलेले पत्ते होते. "हे तिथं चालत न्हाईत. हितं चालतील की."

नंदू बघत राहिली. मग तिनं चटईवर थोडी जागा केली.

पत्ते पिसता येत नव्हते, म्हणून मानसिंगनं ते पालथे घालून चटईवर पसरले आणि वाळत घातलेल्या शेंगा हलवतात तसे दोन्ही हातांनी कालवले. नंदूनं नियम सांगितले. त्याला निम्मे कळले, निम्मे कळल्यासारखं केलं. पहिला डाव सुरू झाला आणि त्यानं हातात येईल तो पत्ता पुढं टाकला. भालेवाला आला, टाकला. वादळ आलं, टाकलं. थोड्याच वेळात त्याचा हात रिकामा झाला आणि नंदूच्या घोरपडीनं त्याला गारद केलं.

"आई असं न्हाई करायची," नंदू म्हणाली.

"मग कसं करायची?"

"थांबायची. मी काय काय टाकते ते बघत बसायची. मला वाटायचं हिच्याकडं काईच न्हाई, आन मग एकदम काढायची."

"बरं. आता थांबतो."

दुसऱ्या डावात तो थांबला. इतका थांबला की नंदू म्हणाली, "एवढं बी न्हाई." तिसऱ्या डावात त्याच्या हाती एक मोठा पत्ता आला. सोनेरी गरुड होता. त्यानं विचारलं, "हा कवा टाकायची गं ती?"

"दाखवायचा नसतो पप्पा."

"चुकलो. पण कवा?"

नंदूनं तोंड वळवलं आणि त्याच्या लक्षात आलं की ती हसते आहे. "कवाच न्हाई. शेवटाला टाकीन, शेवटाला टाकीन म्हणत ठेवायची. आन डाव संपायचा. मग म्हणायची, बघ, हातातच राहिला की गं."

मानसिंगनं हातातला गरुड बघितला. सुट्टीवर यायचा तेव्हा त्यानं बघितलेली क्रांती सदा घाईत असायची. त्याच्यासाठी हे कर, ते कर, आणि सुट्टी संपली की डबे भरून दे. पत्ता हातात धरून निवांत बसलेली, हरल्यावर हसणारी बाई त्याच्या ओळखीची नव्हती. ती या पोरीला ठाऊक होती. मग तो विचारत गेला. बसायची कुठं? चहा ठेवून उठायची का? चिडायची का कधी? नंदू सांगत गेली, आणि सांगता सांगता चाल करत गेली. मामा उठून चहाचं विचारायला आला आणि न विचारताच परत गेला.

रविवारी सांगलीत एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. शाळेची पोरं होती, कॉलेजची होती, एक टक्कल पडलेला बँकेतला माणूसही होता. पालकांनी भिंतीकडं बसायचं, टेबलापाशी यायचं नाही, असं जयराज नावाच्या पंचानं सांगितलं. मानसिंग आणि विश्वजीत भिंतीला टेकून बसले.

पहिला डाव नंदू हरली. दुसराही हरली, आणि तोही एका चिमुरड्या पोराकडून. लांबून मानसिंगला पत्ते दिसत नव्हते, तिची मान दिसत होती. तिसऱ्या डावाला समोर बँकवाला आला. नंदू बराच वेळ काही टाकेना. बँकवाल्यानं घड्याळ बघितलं, पाय हलवला, एकामागून एक पत्ते टाकले. मग नंदूनं हातातला एक पत्ता काढला आणि टेबलावर ठेवला. बँकवाला मागं रेलला आणि त्यानं हात पुढं करून तिच्याशी हात मिळवला.

"जिंकली का वो?" विश्वजीतनं विचारलं.

"जिंकली वाटतंय."

पुढचे डाव ती पुन्हा हरली. नंबर पार खाली लागला. पण उतरलेल्या प्रत्येकाला एक नवं पाकीट मिळत होतं. नंदूनं ते तिथंच फोडलं. आत चमकणारा एक पत्ता निघाला आणि आजूबाजूची पोरं गोळा झाली.

हॉलच्या कोपऱ्यात अदलाबदलीचं टेबल होतं. नंदू तिकडं गेली. मानसिंगला तिचा आवाज इतक्या लांब ऐकू यायला लागला. लोणंदच्या बाजारात कांद्याच्या लिलावाला असतो, तसला. "हा न्हाई, तो. आन तो पाठीमागचा पण. मग देती."

विश्वजीतनं मानसिंगला कोपर मारलं. "दाजी, चमकणारा पत्ता देतीया पोरगी. ते पोरगं साधे तीन-चार टेकवतंय तिला. फसवत्यात. जावा, थांबवा की."

मानसिंग अर्धा उठला होता. गुडघ्यावर हात ठेवून तसाच क्षणभर राहिला आणि खाली बसला.

"देऊ दे. तिचा हाय."

"आवं, पण लागला असता कवातरी."

"तिला ठाऊक आसंल काय लागतंय ते."

नंदूनं चमकणारा पत्ता दिला आणि साधे घेतले. ते उलटेसुलटे करून बघितले. मग गर्दीतून वाट काढत भिंतीकडं आली. चेहरा तापलेला, केस सुटलेले.

"पप्पा, ह्यांच्यावर नवा कॅट लावता येतोय. माझा. पर अजून लय पत्ते लागतील."

"मग मॅडमना काय सांगणार?"

"सांगीन, अजून पुरा झाला न्हाई म्हणून." तिकडून कुणीतरी तिला हाक मारली. तिनं मागं बघितलं, आणि हातातले पत्ते मानसिंगच्या हातात दिले. "धरा जरा. त्याच्याकडं अजून एक हाय. आले मी."

ती परत गर्दीत शिरली. विश्वजीतनं पत्ते बघायला हात पुढं केला, पण मानसिंगनं दिले नाहीत. तिनं दिले होते तसेच तो धरून बसला.