हरलेल्याच्या हातचा निकाल

मी फळा बोलतोय, पण शाळेतला नव्हे. माझ्यावर कोणी पाढे लिहिले नाहीत की सुविचार. खामगावच्या मैदानाकडेला, कडुनिंबाखाली मी चौदा वर्षं उभा होतो आणि जिल्हा फुटबॉल लीगचा ब गट माझ्या अंगावर लिहिला जायचा. माझ्यावर लिहितात शाळेच्या भाषेत, माझ्यासमोर भांडतात वऱ्हाडीत. त्यामुळे माझ्या बोलीची खिचडी झाली आहे. राग आला की मात्र वऱ्हाडीच निघते, आधीच सांगून ठेवतो.

त्याआधी मी दार होतो, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामाचं. अस्सल सागवान! कापसाच्या गाठींचे धक्के खाऊन माझी हाडं पक्की झाली. जानराव मिस्त्रीने मला भंगारातून उचललं, कापलं, काळा रंग दिला आणि पिवळ्या रेघा मारल्या. वर आठ संघांचा गुणतक्ता, खाली त्या रविवारचे सामने. डाव्या कडेची बिजागरीची भोकं त्याने बुजवली नाहीत. “राहू दे. मानसाले आपली ओळख असावी,” म्हणाला. मला माणूस म्हणणारा तो पहिला आणि शेवटचा.

अ गटाच्या सामन्यांना मांडव असतो, माईक असतो, पाहुण्यांना हार असतात. ब गटाला फक्त मी होतो. खेळणारे म्हणजे कचेरीतले कारकून, डाळमिलवर पोती वाहणारे, वेल्डिंगवाले, दोन-दोन लेकरांचे बाप. दिवाळी सरली की चौदा रविवार प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या गावी, एकदा त्याच्या. जिंकला तर तीन गुण, बरोबरीला एक. आठांतून पहिला येईल तो एकटाच अ गटात जातो. बाकीचे सात बसतात पुढच्या दिवाळीची वाट बघत.

पहिल्याच वर्षी एका सामन्यावरून दोन गावं महिनाभर भांडली. दोघंही म्हणत, आम्हीच जिंकलो. शेवटी जानराव वैतागला. “जिंकलो असं कोनीबी लिहीन. हरलेल्याच्या हातानं लिहा, मंग भांडन कायचं?”

लीगचे सचिव गोपाळराव, निवृत्त हेडक्लार्क. त्यांना हे पटलं आणि त्यांनी नियमच करून टाकला. निकाल हरलेल्या कप्तानानेच फळ्यावर लिहायचा, सोमवारी दिवस मावळायच्या आत. लिहिला तर निकाल, नाही तर सामना बाद. बरोबरी झाली तर दोन्ही कप्तानांनी एकेक आकडा लिहायचा.

सोनाळ्याचा कप्तान कडूबा एकदा सहा-शून्य हरला आणि दुसऱ्या दिवशी एसटीने खास लिहायला आला. “मारबी खाचा अन् तिकीटबी काढाचं!” म्हणून कुरकुरला. पण सहाचा आकडा त्याने असा ठसठशीत काढला, की पाहणाऱ्याला वाटावं हाच जिंकला. चौदा वर्षांत एकाही कप्तानाने चुकवाचुकवी केली नाही. अशा माणसांचा फळा होतो मी. अभिमान आहे मला, आणि का नसावा?

आता यंदाचं ऐका.

शेवटच्या रविवारी सामना होता खामगावचा नवरंग संघ आणि वरवट बकाल गावचा संघ यांचा. नवरंगचे तीस गुण, वरवटचे अठ्ठावीस. नवरंगला बरोबरी पुरली असती, वरवटला जिंकणं भाग होतं. वरवटचा कप्तान धम्मदीप एका कृषी केंद्रात कामाला आहे. वय छत्तीस, उजव्या गुडघ्याला कायमचा पट्टा. अकरा वर्षं तो अ गटासाठी धडपडतोय, तीनदा दुसरा आलाय. सामन्याआधी माझ्याजवळ उभा राहून पोरांना म्हणाला, “यंदा नाई झालं तं मी बूट टांगले. गुडघा आता ऐकून नाई राह्यला.”

सामना संपायला दोन मिनिटं असताना कॉर्नरवर तोच उसळला आणि डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. एक-शून्य! वरवटकरांनी एवढा गलका केला की निंबावरचे कावळे उठले.

शिट्टी झाली. नवरंगचा कप्तान आल्हाद, तहसीलमधला कारकून, घामाघूम होऊन माझ्यापाशी आला. त्याने खडू उचलला, तोच मागून गोपाळराव आले. ते त्याचे सख्खे काका, आणि नवरंग त्यांनीच उभा केलेला.

“थांब आल्हाद. लिहू नको.”

“काका, हरलो ना आपण.”

“हरलो, बरोबर आहे. पण लिहिलं कुठं? उद्या दिवस मावळला की सामना बाद. मग तीस गुण आपले, अठ्ठावीस त्यांचे. नियमच आहे.”

आल्हाद खाली मान घालून उभा राहिला. काकांनी त्याच्या हातातला खडू काढून घेतला, माझ्या कडेवरचा खडूंचा डबाही उचलला आणि चालते झाले. मले असा राग आला म्हणता! अरे, ज्या नियमानं चौदा वर्षं भांडनं मिटवली, त्याच नियमानं चोरी कराले निघाले? आन् तेबी माझ्या अंगावर?

सोमवारी सकाळी गोपाळरावांनी एक जुना फ्लेक्स आणला, माझ्यावर पांघरला आणि सुतळीने आवळून बांधला. ऊन लागतं म्हणे फळ्याला! चौदा वर्षं नव्हतं लागलं ते.

फ्लेक्सखालून मला दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. दुपारी धम्मदीप आला आणि माझ्या पायाशी बसला. जानरावही काठी टेकत आला. सुतारकाम सुटल्यापासून मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचं काम तोच करतो.

“तहसीलीत जाय ना बे. सांग त्याले, लिही म्हनून,” जानराव म्हणाला.

“सांगून लिहिलं तं ते त्याच्या हातचं कसं होईन, बुवा?”

“अन् नाई आला तं?”

धम्मदीपने गुडघ्याचा पट्टा चर्रकन सोडला आणि परत आवळला. दोघं तसेच बसून राहिले आणि ऊन कलत गेलं.

ऊन पार कलल्यावर स्कूटरचा आवाज आला. आल्हाद धावत आला आणि दातांनीच सुतळी तोडली. फ्लेक्स खाली पडला तेव्हा सूर्य लाल होऊन समोरच्या सरकीच्या गोदामाला टेकला होता.

“खडू?”

खडू कुठला! डबा काकांच्या घरी. आल्हादने इकडेतिकडे पाहिलं. निंबाखाली रविवारची चुन्याची बादली तशीच होती. त्याने त्यात बोट बुडवलं आणि लिहिलं, नवरंग शून्य, वरवट बकाल एक. खाली सही केली. बोट चरचरलं असेल, पण हात काही थांबला नाही.

गोपाळराव पोचले तेव्हा सही ओलीच होती.

“काय केलं बे हे!”

“हरलो, काका. पुढल्या वर्षी जिंकून जाऊ.”

धम्मदीप गुडघा धरून उठला. त्याने आल्हादचा तो चुन्याने माखलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि लहान लेकरासारखा रडला. मला आसवं नाहीत म्हणून, नाही तर मीही रडलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपाळरावांनी ओल्या फडक्याने मला खसाखसा पुसलं. मी काळाभोर झालो. मग त्यांनी लीग मंडळाच्या लोकांना बोलावलं. “कुठं आहे निकाल? दाखवा.” लोक बघत उभे राहिले. ऊन वर आलं, मी वाळत गेलो, आणि चुना पांढरा होऊन हळूहळू वर आला. आधी एक, मग शून्य, मग सही. त्यांनी परत पुसलं. मी परत वाळलो. तिसऱ्यांदा फडकं पिळताना लोक हसायला लागले, तेव्हा त्यांनी ते फेकून दिलं. त्याच दुपारी वरवट बकालचं नाव अ गटात गेलं.

त्याची शिक्षा मी भोगतोय. सध्या फाटक्या जाळ्यांसोबत सामानखोलीत पडून आहे. उंदीर माझी कड कुरतडतात. पुढच्या वर्षापासून निकाल मोबाईलवर टाकणार आहेत, आणि टाकणार कोण? तर सचिव! हरलेल्याचा हात आता कोणाला नको आहे.

मी हात जोडनार नाई, मले हातच नाईत. परत निंबाखाली उभं करा, नाई तं चुलीत घाला, तुमची मर्जी. पन कप्तानहो, हरल्यावर स्वतःच्या हातानं लिहाची सवय सोडू नका. ते येत नसन तं मैदानात उतरू नका. आन् गोपाळराव, तुमाले अजूनबी पुसाचं असन तं या. फडकं आना, बादली आना, दिवसभर पुसा. तुमी घरी गेल्यावर मी वाळन, आन् एक-शून्य परत दिसन.