सुबक काठाचा टब

आरेखकांनी गुडघे टेकून, वर्तमानपत्रे चिकटवून केलेला अंडाकृती साचा दुकानाच्या फरशीवर पसरला आणि शेजारचा टब त्याच्याशी ताडून पाहिला. माप तंतोतंत जुळले. जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेल्या माणसाचा चेहरा उजळायला एवढे पुरेसे होते.

"महिनाभर हा कागद आमच्या न्हाणीघरात अंथरलेला होता," ते विक्रेतीला म्हणाले. "दार पूर्ण उघडतं, निचरा बरोबर कोपऱ्यात येतो. हिलाही कसलीच अडचण झाली नाही. काय गं?"

"कागदाची कसली अडचण?" बायको म्हणाली. तिची नजर भिंतीलगतच्या ठेंगण्या टबावर होती.

"छे, ती गव्हाण आहे! टब कसा, चार पायांवर उभा हवा, सुबक काठाचा. तीन कारणं सांगतो."

"तीनच? बरं वाटत नाही का आज?"

विक्रेतीने हसू दाबले. "काकू, एकदा आत बसून बघा ना."

"नको गं, राहू दे."

"अगं, बस की! टबाला कसली लाजतेस?" ते मोठ्यांदा म्हणाले. पलीकडे नळ पाहणारे जोडपे वळून पाहू लागले.

बायकोने चपला काढल्या, काठ धरला आणि उजवा पाय उचलला. पाऊल काठाच्या वीतभर खालीच थांबले, क्षणभर लोंबकळले आणि परत जमिनीवर आले. मग ती काठावर टेकली, दोन्ही हातांनी आपलीच पोटरी धरली आणि सामान फळीवर ठेवावे तसा पाय उचलून आत ठेवला. कुठे धडपड नाही, घाई नाही. हात सरावलेले होते.

आरेखक तिच्या हातांकडे पाहत राहिले.

"केव्हापासून?" त्यांनी खालच्या आवाजात विचारले.

"वर्ष होत आलं. पलंगावर चढतानाही असंच करते. तुमचं वाचन चाललेलं असतं."

"बोलली नाहीस कधी?"

"बोलले होते. हे दुखणं नव्हे, आळस आहे, असं तुम्ही समजावून सांगितलंत."

त्यांना आठवले. त्या संध्याकाळी त्यांनी एकामागून एक मुद्दे मांडले होते. ती गप्प झाली, तेव्हा तिला पटले असे धरून ते समाधानाने जेवायला बसले होते. पायाशी पसरलेल्या कागदाला लांबी होती, रुंदी होती, उंची नव्हती.

तिला उठवायला त्यांनी हात पुढे केला.

"तुम्ही नको," ती हळूच म्हणाली. "तुम्ही ओढता."

विक्रेतीच्या खांद्याचा आधार घेत ती बाहेर आली. पुढे केलेल्या हाताचे काय करावे हे न सुचून आरेखकांनी खिशातली मोजपट्टी काढली आणि काहीही न मोजता परत ठेवली.

"मग काका, हाच पक्का करू?"

"मला नका विचारू," ते म्हणाले. "हिला विचारा."

विक्रेती तिच्याकडे वळली. बायको मात्र नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. त्या वाक्याला नेहमीचा 'पण' जोडला जायची वाट पाहत.