डॉक्टरांचे एकवीस दगड

इंकांच्या जुन्या गावाकडे जाणारी वाट खिंडीपर्यंत अशी चढते, की खेचरसुद्धा मध्येच थांबून आपल्याकडे रागाने बघतं. म्हणून आमच्यात खालून एक दगड न्यायचा आणि खिंडीतल्या राशीवर ठेवायचा. डोंगरदेव चढणाऱ्याचा शिणवटा त्या दगडात ठेवून घेतो.

लिमाचे डॉक्टर इपारागिर्रे दगडांचेच डॉक्टर. इंकांच्या भिंतींचा दगड खालच्या नदीतला का, हे त्यांना ठरवायचं होतं. पण हे मला कुणी सांगितलंच नाही! मला एवढंच ठाऊक, की काम चोख झालं तर पुढच्या वर्षी चार महिने त्यांच्या सगळ्या मंडळींचं सामान माझ्या खेचरांवर. घरी तीन पोरं. ते काम मला हवंच होतं.

डॉक्टर धापा टाकत मागे राहिले होते. खिंडीत त्यांचं पोतं उतरवताना आत खडखडलं. उघडून बघतो तर एकवीस दगड, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात आकडा. मला भरूनच आलं. शहरातला माणूस, पण सगळ्या नातेवाइकांचे दगड घेऊन आलाय, आणि देवाचा घोळ होऊ नये म्हणून वर नंबर!

"शीक जरा," आमची स्वयंपाकीण सातुर्निना मावशी म्हणाली. "तू मेला दरवर्षी शेंगदाण्याएवढा खडा ठेवतोस."

रीतीप्रमाणे कोकाच्या पानांवर फुंकर घालून, ती देवाला दाखवून आम्ही एकवीसही दगड राशीत नीट खोचले. आकडे आतल्या बाजूला, देवाला वाचता यावेत म्हणून.

डॉक्टर आले, रिकामं पोतं बघून किंचाळले आणि राशीकडे धावले. मावशी आडवी आली.

"खबरदार! इथला दगड उचलला की तो ज्याने ठेवला त्याचा शिणवटा अंगावर येतो. माझ्या सासूचाही आहे त्यात. तो हाताला लागला तर घरी पोचायचे नाही तुम्ही."

रास दोन पुरुष उंच. डॉक्टर हताश होऊन खाली बसले.

"हिलारिओ, पुढच्या वर्षी मला तोंड दाखवू नकोस."

मी घाईने पुढे झालो. "नदीत दगडांना काय तोटा, डॉक्टर? उद्या परत आणू."

दुसऱ्या दिवशी पुन्हा नदीवर उतरलो. एकवीस दगड, एकवीस आकडे. पण आता पोतं डॉक्टरांच्याच पाठीवर. "तू हात लावायचा नाही. तुझ्या खेचरानेही नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी ते कमरेत वाकूनच खिंडीत पोचले. राशीला टेकून ते बराच वेळ उभे राहिले. मग पोत्यात हात घालून त्यांनी एक दगड काढला आणि हळूच वर ठेवला.

"हा जास्तीचा होता," ते म्हणाले.

मग दुसरा. "हाही तसा जास्तीचाच."

आम्ही दुसरीकडे बघत राहिलो. पोतं रिकामं झाल्यावर ते ताठ झाले आणि त्यांनी मोठा श्वास घेतला.

"नमुने पुढच्या वर्षी नव्याने घेऊ, हिलारिओ. खेचरं तुझीच."

मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली.

"घ्या की," मावशी म्हणाली. "फक्त जरा शेंगदाण्याएवढे घ्या हो, डॉक्टर."