घास तोंडाशी पोचतो का

"केस विंचरता येतात?" फिजिओथेरपीच्या पूजा मॅडमनी विचारलं.

"येतात," निशिगंधा म्हणाली.

"उजव्या हाताने घास तोंडाशी पोचतो?"

शेजारी सासू बयाबाई बसल्या होत्या. त्यांच्याकडे न बघता निशिगंधा म्हणाली, "पोचतो."

"पोलकं आपलं आपण घालता? हात ठणकतो?"

"घालते. नाय ठणकत."

भातलावणीत बांधावरून पडून तिचं कोपर मोडलं होतं. हाड जुळलं, पण हात काटकोनात आखडून बसला. कापडे गावाहून महाडला व्यायामाला यायला लागून वर्ष होत आलं. आज मुंबईचे सर्जन आले होते. या प्रश्नांच्या उत्तरांवर शंभरात साठच्या खाली गुण येतील, त्यांचंच कोपर ते उघडून सोडवणार होते. निशिगंधाला हे ठाऊक होतं. पण ती चुलीकडे तोंड करून डाव्या हाताने जेवते, हे बयाबाईंना ठाऊक नव्हतं. हात सुटेपर्यंत देवीला रोज कुंकू आणि नैवेद्य, असा नेम तिने धरला होता. तोही डाव्यानेच चालला होता.

"शंभरात पंच्याण्णव! मग ताई, ऑपरेशन कशाला?"

निशिगंधाने उजवा हात पदराखाली ओढला.

"पावली गो देवी!" बयाबाई खुलल्या. "तापात पण नेम चुकवत नाय मॅडम, अशी हाय माझी सून."

मॅडमनी कोनमापकाची पट्टी तिच्या दंडाला लावली. "नव्वदच्या पुढे हात वाकतच नाही. मग घास कसा पोचतो?" त्यांनी डब्यातलं बिस्किट तिच्या हातात दिलं. "खाऊन दाखवा बरं."

हात छातीसमोर येऊन अडला. तिने खांदा उचलला, मान वाकवली, ओठ पुढे केले. बिस्किट लांबच राहिलं. मनात देवीचं नाव घेऊन तिने पुन्हा जोर केला. कोपरातून कळ गेली आणि बिस्किट मांडीवर पडलं.

"डाव्यानं जेवते मी," ती कशीबशी म्हणाली. "ठणकतो पण. झोप नाय लागत."

बयाबाई उठून उभ्या राहिल्या. "नि नैवेद्य?"

"तो पण डाव्यानं," निशिगंधा म्हणाली.

"डाव्यानं? माझ्या देव्हाऱ्यात? मग कसा बरा व्हायचा गो तुझा हात, सांग!"

हेच ती रोज दिवा लावताना स्वतःला विचारत आली होती.

मॅडमनी गुण खोडून पन्नास केले आणि सर्जनना बोलावलं. त्यांनी हात हलवून बघितला.

"कोपर उघडतो मी. पण फार दिवस गेलेत. घास पोचेलच असं नाही सांगत. हात आत्ता वाकतो तेवढाही वाकेनासा होऊ शकतो. घरी जाऊन विचार करा."

निशिगंधाने सासूकडे पाहिलं. बयाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"घरी नको, डॉक्टर," ती म्हणाली. "आत्ताच सही घ्या."