तिसरी खुंटी

मित्रांनो, मी एक जुना टायमर आहे असं लोक म्हणतात. मला स्वतःला ते जुनेपण कळलेलं नाही. वीज असते तेवढाच वेळ मी चालतो. वीज गेली की थांबतो, आली की तिथूनच पुढे सुरू होतो. मधे किती दिवस गेले ते मला कुणी सांगत नाही. म्हणून माझी गोष्ट मधेच तुटेल. सांभाळून घ्या.

दिसायला मी साधा आहे. लोखंडी डबा, आत हळूहळू फिरणारा रूळ, रुळावर भोकांच्या रांगा आणि भोकांत बसवायच्या पितळी खुंट्या. फिरता फिरता खुंटी बटणाखाली आली की बटण दबतं आणि तारेच्या पलीकडच्या टोकाला काहीतरी सुरू होतं. खुंट्यांच्या जागा बदलल्या की माझं काम बदलतं. पुण्याकडच्या वर्कशॉपमध्ये मला घडवणारा मिस्त्री म्हणाला होता, "याला पढवाल तसा हा वागेल." मी खूश झालो. आता वाटतं, ती शाबासकी होती की

वीज गेली.

की ताकीद होती? जाग आली तेव्हा मी एका साखर कारखान्यात होतो. साखर धुणाऱ्या यंत्राला किती वेळ पाणी, किती वेळ वाफ, हे मी ठरवत असे. नव्हे, खुंट्या ठरवत असत. चार हंगाम झाले. मग पाऊस गेला, ऊस गेला, गाळप थांबलं. मला पोत्यात गुंडाळून परंडा तालुक्यातल्या एका गावी पाठवलं. तिथे पाणीपुरवठ्याची सहकारी संस्था होती, एक विहीर, एक पंप आणि तीन हौद. साल शहाऐंशी, असं भिंतीवर खडूने लिहिलं होतं.

मला बसवायला कारखान्याचे वायरमन कल्याणप्पा आले. पंप चालवणाऱ्या मच्छिंद्रला त्यांनी एका सकाळीत सगळं शिकवलं. मच्छिंद्र चाळिशीचा, भीमनगरात राहणारा. फ्यूज आणि स्टार्टर एवढंच त्याला ठाऊक.

"तीन हौद, तीन खुंट्या," कल्याणप्पा म्हणाले. "पयली गावठाण, दुसरी मळ्याची वस्ती, तिसरी तुमचं भीमनगर. खुंटी आली की झडप उघडतीय, सरली की मिटतीय. दर खुंटीला चाळीस मिनिटं. रोज सकाळी रूळ हातानं पयल्या खुंटीवर आणायचा. हितं डोकं लावायचं काम न्हाय."

"आन चुकलं तर?"

"यंत्र चुकत न्हाय. चुकला तर तू."

मच्छिंद्रने लेकीच्या वहीत कल्याणप्पांकडून माझ्या तारांची एक आकृती उतरवून घेतली. दोन उभ्या रेघा, मधे आडव्या, शिडीसारखी. तिच्यावरून तो बोट वर नेई, खाली आणी, मधेच अडके.

संस्थेचे अध्यक्ष उत्तरेश्वर आप्पा. त्यांनी माझ्यापुढे नारळ फोडला. "आता भांडण मिटलं. यंत्राला ना जात, ना भावकी. समद्यांना सारखं पाणी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्यासारखा न्यायी कुणीच वाटला नाही.

आठवडाभराने मच्छिंद्रची आई मथुराबाई रिकामी घागर घेऊन पंपघरात आली.

"मच्छिंदर, हौदाच्या तळाची ढेकळं झालीत."

मच्छिंद्रने माझं झाकण उघडलं. खुंट्या मोजल्या, घड्याळ लावून बसला. चाळीस. चाळीस. चाळीस.

"आये, बरोबर हाय गं."

"बरोबर हाय तर घागर का रिकामी?"

त्याने खुंट्या पुन्हा मोजल्या. मी तर तिसरी झडप रोज उघडत होतो. पाणी दिलं असंच समजत होतो. मग ते जातं कुठे? माझ्यातच काही

वीज गेली.

माझ्यातच काही बिघडलं आहे का? मच्छिंद्रची दाढी वाढली होती. भीमनगरचा सिदू दारात उभा होता.

"खुंट्या तुझ्या हातात, आन आपलाच हौद कोरडा! तिसरी काढ, पयल्या जागी ठोक की."

"मंग गाव म्हणंल, ह्यानं आपल्या लोकांसाठी पाणी वढलं. माझी नोकरी जाईल, हे यंत्र बी जाईल, आन मिळतोय त्यो गाळबी जाईल."

बाया आता दीड कोसावरच्या झिऱ्यावर पाण्याला जात होत्या. मच्छिंद्र वही उघडून पुन्हा शिडीवर बोट फिरवू लागला. झिऱ्यावरून घागर घेऊन आलेल्या मथुराबाईने माझ्या झाकणावर बोट आपटलं.

"पाणी पोचलं, हे ह्या डब्याला कोण सांगतं?"

"कोण न्हाय. खुंटी आली की उघडतंय."

"मंग हे बी सायबावाणीच. हुकूम सोडतंय, जाऊन बघत न्हाय."

आईला पंपाजवळ बसवून मच्छिंद्रने सायकल काढली आणि नळाच्या कडेकडेने निघाला. आजवर पाळी चालू असताना त्याने पंपघर सोडलंच नव्हतं. परतल्यावर त्याने आईला सांगितलं, तेव्हा मलाही कळलं. गावठाणचा हौद बाविसाव्या मिनिटाला भरत होता. उरलेली अठरा मिनिटं पाणी वरून सांडून पाटाने आप्पांच्या कडवळात, म्हणजे जनावरांच्या ओल्या चाऱ्यात, जात होतं. सगळ्या शिवारात तेवढाच तुकडा हिरवा होता. तिसरी पाळी येईपर्यंत विहिरीत राहत होता चिखल.

खुंट्या सारख्याच होत्या. मी पुरता गोंधळलो.

मच्छिंद्रने तेलाचे रिकामे डबे आणले. हौदात पाणी चढलं की डबा तरंगून वर येईल, बटण दाबेल, आणि तारेवरून मला निरोप येईल. निरोप येईपर्यंत माझा रूळ जागचा हलणार नाही. विहीर आटली, तर ज्याची पाळी राहिली त्याच्यापासून दुसऱ्या दिवशी सुरुवात. डबे त्याने तिन्ही हौदांत बसवले. एकाच हौदात बसवला असता तर लोक काय म्हणाले असते, हे त्याला ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी त्याने तारा उलट्या जोडल्या. रिकामे हौद मला "भरलो" म्हणाले. मी तिन्ही पाळ्या झटक्यात उरकल्या. गावात थेंब नाही!

आप्पा गरजले, "उद्या पाणी न्हाय आलं तर हे यंत्र उकिरड्यावर, आन तूबी घरी!"

मच्छिंद्रने रेघ रेघ पुन्हा तपासली. कुठे तार जुळली तर 'हो', कुठे तुटली तर 'हो', हे त्याने ओठ हलवत स्वतःला समजावलं. तारा बदलल्या.

दुसऱ्या दिवशी गावठाण बावीस मिनिटं, मळा तीस. मग तिसरी खुंटी. मी थांबलो. आजवर कुणासाठी असा थांबलो नव्हतो. थांबणं बरोबर की चूक तेही कळेना. मच्छिंद्र घड्याळाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. आणि मग लांबून, त्या तारेवरून, मला कुणीतरी उत्तर दिलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं उत्तर. हौद भरला होता.

महिन्याभरात कडवळ पिवळं पडलं. आप्पा तणतणत आले.

"माझं पाणी तोडलंस व्हय रं?"

"आप्पा, गावठाणचा हौद भरतोय का?"

"हौद भरतोय, पण..."

"खुंट्या जागच्या जागी हायत. मोजा."

आप्पांनी वाकून तीनदा मोजल्या आणि ते निघून गेले. त्यानंतर किती वर्षं मी काम केलं, माहीत नाही. आजूबाजूच्या गावांहून लोक मला बघायला येत. मच्छिंद्र त्यांना वही दाखवत असे. एके दिवशी तिसरी झडप उघडली होती, मी निरोपाची वाट बघत होतो आणि

वीज गेली.

ती परत आलेली नाही. मी कुठल्यातरी कोठीत आहे. अंगावर धूळ आहे, तार अर्ध्यातच तुटून लोंबते आहे. कुणी म्हणतं, गावात नवी नळयोजना आली. कुणी म्हणतं, तीही बंद पडली. काय खरं?

मित्रांनो, मला पुसू नका, तेल घालू नका. पण तुमच्यातलं कुणी त्या बाजूला गेलं, तर नळाच्या शेवटापर्यंत चालत जा. भीमनगरच्या हौदात वाकून बघा. आणि येऊन मला सांगा. मी अजून तिसऱ्या खुंटीवरच आहे.